यादवांचं घोडदळ २८ मिमीमध्ये: घोडे कोणते घ्यावेत?

खाडीकाठचा_स्वार (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी,

आपल्या टेबलावरच्या युद्धखेळाच्या येत्या हंगामासाठी देवगिरीच्या यादवांचं छोट्या आकृत्यांचं घोडदळ उभं करायला घेतलंय, २८ मिमीमध्ये. समोर अलाउद्दीनची १२९६ची स्वारी. पायदळाचं जमेल. धोतर, उघडं अंग, ढाल, भाला असे आकार मिळतात, आणि जे मिळत नाही ते पुट्टीने घडवता येतं. अडलंय ते घोड्यांपाशी.

माझं मत आधीच सांगतो. घोडदळ करताना आपण सगळे स्वार निवडतो आणि डब्यात जो घोडा येईल तो त्याच्याखाली चिकटवतो. हे उलटं व्हायला हवं. स्वाराचं डोकं बदलता येतं, हात बदलता येतो, टोपाचं पागोटं करता येतं. घोड्याची उंची, छातीचा घेर, मानेचा बाक आणि चाल यांतलं काहीच नंतर बदलता येत नाही. टेबलापासून दोन पावलं मागे उभं राहिलं की स्वारांचे चेहरे दिसतच नाहीत. दिसते ती घोड्यांची रांग, आणि त्या रांगेवरून सैन्य ओळखू यायला हवं.

आता मापाबद्दल. २८ मिमी म्हणजे माणसाच्या आकृतीच्या तळव्यापासून डोळ्यांपर्यंत २८ मिमी. प्रमाण काढलं तर साधारण १/५६. या प्रमाणात बाजारातले बरेच ‘युद्धाचे घोडे’ मोजले की खांद्यापाशी ३१ मिमी भरतात, म्हणजे खऱ्या जगात १७३ सेंमी. एवढा घोडा आज गाडा ओढणाऱ्या भारी जातींमध्ये बघायला मिळतो. मध्ययुगातला लढाईचा घोडा तसा नव्हता. इंग्लंडमधल्या १७१ उत्खननस्थळांवरच्या घोड्यांच्या जवळपास २,००० हाडांचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला, इ.स. ३०० ते १६५० या काळातल्या. त्यात बहुतेक घोडे १४.२ हँडच्या आत निघाले. म्हणजे १४७ सेंमीच्याही खाली, आजच्या हिशेबात पोनी. नॉर्मन काळातले मोठ्यात मोठे घोडे १५ हँडच्या आसपास. सरासरी उंची ठळकपणे वाढलेली दिसते ती १५०० नंतर. आठव्या हेन्रीने १५४०मध्ये बऱ्याच परगण्यांतल्या सार्वजनिक चराऊ रानात १५ हँडपेक्षा बुटका वळू घोडा सोडायला बंदी केली. घोडे मुळातच धिप्पाड असते तर असा कायदा कशाला लागला असता?

तेव्हा १/५६ला घोडा खांद्यापाशी २६ ते २७ मिमी हवा. हे झालं युरोपचं. आपल्याकडचा तेराव्या शतकातला घोडा कसा होता, आणि त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा नमुना कुठला, हे मला या धाग्यातून हवंय. ज्यांच्याकडे वेगवेगळे संच आहेत त्यांनी व्हर्नियरने मोजून आकडे टाकावेत. खुराच्या तळापासून मानेच्या मुळाशी पाठीवर जो उंचवटा असतो तिथपर्यंत मोजायचं. डोकं धरायचं नाही, खाली बेस (आकृती चिकटवतो ती चकती) असेल तर तोही वजा करायचा.

नवखी_वाशी

मी यात नवीन आहे, दोन प्रश्न विचारते. हँड म्हणजे किती? आणि १४.२ म्हणजे चौदा पूर्णांक दोन दशांश का?

खाडीकाठचा_स्वार

हँड म्हणजे चार इंच, १०.१६ सेंमी. टिंबानंतरचा आकडा दशांश नसतो, उरलेले इंच असतात. १४.२ म्हणजे चौदा हँड आणि वर दोन इंच, एकूण ५८ इंच. त्यामुळे १४.३ नंतर थेट १५ येतो. संच मोजताना इथेच गोंधळ होतो, विचारलंत ते बरं झालं.

बहात्तर (नेरूळ)

१/७२ला या ना राव! १४७ सेंमीचा घोडा १/७२ला साडेवीस मिमी होतो आणि झ्वेझ्दासारख्या कंपन्यांच्या प्लास्टिक संचांत घोड्यांची शरीररचना अतिशय सुंदर असते. त्यांचा सुवर्ण टोळीचा मंगोल संच माझ्याकडे आहे. आपल्या मुंबईतल्या घरांच्या आकारात दोनशे घोड्यांची लढाई फक्त याच मापात मांडता येते.

मऊ प्लास्टिकवरचा रंग उडतो ही तक्रार कायम ऐकतो. संच आधी साबणाच्या पाण्याने धुवा, सुकू द्या, फेविकॉलमध्ये पाणी घालून पातळ हात द्या, मगच प्रायमर. वाकलेले भाले कडकडीत पाण्यात बुडवून सरळ करायचे आणि लगेच थंड पाण्यात धरायचे.

ऐरोली_२८ (ऐरोली)

टेबल माझ्याकडे आहे म्हणून बोलतो. १/७२ बद्दल वाद नाही, पण आपल्या सहा जणांचं पायदळ २८मध्ये आहे, ते बाजूला ठेवून नव्याने सुरुवात कोणी करणार नाही.

मूळ मुद्द्याला मात्र माझा थोडा विरोध आहे. पेरी बंधू या आकृत्या बनवणाऱ्यांचे १४५० ते १५०० काळातले प्लास्टिकचे चिलखती स्वार माझ्याकडे आहेत. त्या घोड्यांना बघितल्याबरोबर समोरचा खेळाडू ओळखतो की हे भारी घोडदळ, यांच्या वाटेला जायचं नाही. टेबलावरचा आकार हीसुद्धा एक भाषा असते. सगळेच घोडे २६ मिमीचे केले तर जड आणि हलकं घोडदळ वेगळं ओळखायचं कशावरून?

खाडीकाठचा_स्वार

अंतरावरून. जड घोडदळ एकमेकांना चिकटून, एकाच चालीत. हलकं घोडदळ पसरलेलं, प्रत्येक घोड्याचं तोंड थोडं वेगळीकडे. जडला २५ बाय ५० मिमीचे बेस लावून कडा भिडवायच्या, हलक्याला ४० मिमीचे गोल बेस. शिवाय पाखर (घोड्याचं चिलखत) आणि झूल आहेतच. घोड्याची उंची वाढवायची गरजच पडत नाही.

पंधराव्या शतकातला मिलानी पोलादी पाखरीचा घोडा भव्य दिसतो हे मान्य. पण तो त्याच काळात, त्याच देशात शोभतो. त्याच्यावर यादवांचा स्वार बसवला की दोघांचाही मान जातो.

मोतद्दार (घोडबंदर रोड, ठाणे)

मी लहान आकृत्या रंगवत नाही. माझा भाचा रंगवतो, त्याने हा धागा दाखवला. पण घोड्यांबरोबर आयुष्य गेलंय, म्हणून चालीबद्दल लिहितो. भाच्याच्या कपाटातले घोडे बघून मला जे खटकलं ते हे.

निम्म्या घोड्यांचे पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले, मागचे दोन्ही मागे ताणलेले, आणि घोडा हवेत. असा घोडा कधीही धावत नाही. जुन्या चित्रकारांनी तसा काढला आणि मूर्तिकारांनी उचलला. १८७८मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रं काढली तेव्हा हा प्रश्न कायमचा मिटला. भरधाव घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरं, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. ताणलेल्या अवस्थेत एखादा तरी पाय जमिनीला टेकलेला असतो.

दुडकीत कर्णातले पाय जोडीने उचलले जातात: पुढचा डावा आणि मागचा उजवा. काठेवाडी आणि मारवाडी घोड्यांत रेवाळ चाल असते, तीत एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास जोडीने पडतात आणि स्वाराला धक्का लागत नाही. लांबच्या मजलेला ही चाल सोन्यासारखी. एखाद्या मूर्तिकाराने रेवाळ चालीतला घोडा केलेला असेल तर डोळे मिटून घ्या, कारण त्याने खरा घोडा पाहिलेला आहे.

आणि रांगेने चाल करून जाणारे घोडे पहिल्यापासून भरधाव सुटत नाहीत. सुटले तर वेगवान पुढे, सुस्त मागे, रांगेचा चुथडा. आधी कदम, मग दुडकी, आणि शेवटच्या थोड्या अंतरात काय ती धाव. युरोपचे भालाईत सरदार गुडघ्याला गुडघा लावून जायचे ते असेच. त्यामुळे तुमच्या जड पथकात सगळे घोडे उधळलेले दाखवू नका. बहुतेक दुडकीत ठेवा, एखादा मान उडवणारा, एखादा लगाम तोंडात धरून चावणारा. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा पथकात अजिबात नको. तो घोडा स्वाराचं ऐकत नाहीये एवढाच त्याचा अर्थ.

कानांकडेही बघा. पुढे वळलेले कान म्हणजे घोड्याचं लक्ष समोर आहे, मागे पाडलेले म्हणजे तो चिडलाय नाहीतर घाबरलाय. काठेवाडी घोडा दाखवायचा असेल तर कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडायला हवीत. टाचणीच्या टोकाएवढी पुट्टी पुरे होईल.

रेझिनवाली (खारघर)

मोतद्दार काका, तुमचा प्रतिसाद छापून प्रिंटरच्या वर चिकटवणार आहे.

मी थ्रीडी प्रिंटरवर घोडे छापून घेते, त्यामुळे त्या बाजूचं सांगते. खऱ्या घोड्याच्या पायाची नळी साधारण सहा सेंटीमीटर जाडीची. ५६ने भागा, एक मिमीच्या जेमतेम वर येते. साध्या रेझिनमध्ये एवढी जाडी छापली तर सपोर्ट (छापताना आधाराला येणाऱ्या काड्या) तोडतानाच पाय जातो. म्हणून मी फाइलमध्येच गुडघ्याखालची जाडी दीड मिमीपर्यंत वाढवते. वरून बघणाऱ्याला ते दिसत नाही. साध्या रेझिनमध्ये थोडं लवचीक रेझिन मिसळलं की टेबलावरून पडलेला घोडाही वाचतो.

सपोर्ट पोटाखाली आणि खुरांच्या तळाला द्यायचे, मानेला आणि तोंडाला अजिबात नाही, तिथला ओरखडा कितीही घासला तरी रंगाखालून डोकावतो. घोडा सरळ उभा न छापता मागे कलता ठेवायचा. धड पोकळ करत असाल तर पोटाला भोकं ठेवा. आत ओलं रेझिन अडकलं तर महिन्यांनी घोड्याला तडा जाऊन बाहेर येतं, तोवर रंगकाम झालेलं असतं.

आणि एक, हे ठामपणे सांगते कारण आपण सगळे फ्लॅटमध्ये राहतो. नायट्राइल हातमोजे घालूनच काम करा, खिडकी उघडी ठेवा, घरात लहान मूल असेल तर प्रिंटर झोपायच्या खोलीत नको. धुण्यासाठी वापरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मोरीत ओतू नका. पारदर्शक बरणीत उन्हात ठेवा, रेझिन घट्ट होऊन तळाला बसतं, ते गाळून वेगळं करा.

एका पायावर तोललेला धावता घोडा हवाच असेल तर त्या पायात पितळेची बारीक तार घालून ती बेसमध्ये उतरवा, आणि पोटाखाली गवताचा उंच झुपका लावून दुसरा आधार द्या.

शिलालेख (कळवा)

उशिरा येतोय, पण मूळ प्रश्न तेराव्या शतकातल्या आपल्या घोड्याचा आहे आणि त्याला अजून कोणी हात घातलेला नाही.

पहिली गोष्ट, आपल्याकडे चांगला युद्धाचा घोडा हा मुख्यतः समुद्रावरून येणारा माल होता. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून जहाजं भरून घोडे पश्चिम किनाऱ्यावर उतरत. खुद्द ठाण्याबद्दल मार्को पोलोने काय लिहून ठेवलंय ते आपण ठाणेकरांनी तरी लक्षात ठेवायला हवं. इथल्या बंदरातून चाचे निघतात, व्यापाऱ्यांना लुटतात आणि राजाचा त्यांच्याशी करार आहे: लुटीतले सगळे घोडे राजाचे, बाकी सोनं-नाणं-माल चाच्यांचा. कारणही तो देतो. राजाकडे स्वतःचे घोडे नाहीत, आणि हिंदुस्थानकडे येणारं कुठलंच जहाज घोड्यांशिवाय येत नाही.

आता एक अडचण. पोलो ठाण्याचा राजा स्वतंत्र असल्याचं सांगतो. पण उत्तर कोकणचे शिलाहार १२६५च्या सुमारास संपले. महादेव यादवाने सोमेश्वर शिलाहाराचा पराभव केला आणि ठाण्यावर यादवांचा अंमल आला. रामचंद्र यादवाच्या काळातले ताम्रपट ठाण्यातच सापडलेले आहेत. तेव्हा पोलोचा ‘राजा’ म्हणजे यादवांचा इथला अधिकारी असावा, असं मला वाटतं. घोड्यांबद्दलच्या त्याच्या माहितीला याने धक्का लागत नाही, कारण तीच गोष्ट इतर बंदरांबाबतही दिसते. पुढे विजयनगरच्या काळात नुनीझ हा पोर्तुगीज व्यापारी लिहितो की राजा दरवर्षी होर्मुझचे आणि देशी मिळून तेरा हजार घोडे खरेदी करतो, त्यातले उत्तम स्वतःच्या पागेत ठेवतो आणि उरलेले सरदारांना देतो.

म्हणजे तुमच्या यादव सैन्यात दोन प्रकारचे घोडे हवेत. सरदार आणि त्याच्या जवळच्या लोकांकडे अरबी वळणाचे: लहान डोकं, रुंद कपाळ, नाकाकडे किंचित खोलगट होत गेलेला चेहरा, कमानदार मान, उंच धरलेली शेपटी. उरलेल्यांकडे देशी तट्टं, बुटकी, काटक, दाट आयाळीची. आजच्या अरबी घोड्यांची उंची साधारण १४४ ते १५५ सेंमी असते, म्हणजे तुमच्या मापात २६ ते साडेसत्तावीस मिमी. देशी तट्टू त्याहून बुटकं.

दुसरी गोष्ट पुराव्यांची. वीरगळ बघा. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवरची जहाजांची लढाई प्रसिद्ध आहे, आणि महाराष्ट्रभर घोडेस्वार कोरलेले वीरगळ गावोगाव उभे आहेत. खोगीर, लगाम, छातीवरचा पट्टा, शेपटीखालून जाणारी दुमची, दागिने हे सगळं त्यावरून उचलता येतं. थोडं दक्षिणेला आणि थोडं पुढच्या काळात गेलात तर हंपीच्या हजारराम मंदिराच्या प्राकारावर घोड्यांची अख्खी मिरवणूक कोरलेली आहे, मोतद्दारांसकट.

ऐरोली_२८

शिलालेख काका, वीरगळांवर स्वाराचे पाय घोड्याच्या पोटाखाली लोंबताना दिसतात. म्हणजे घोडे फारच लहान होते का? त्यावरून माप काढता येईल का?

शिलालेख

नाही, माप तिथून काढू नका. वीरगळावर वीर महत्त्वाचा, म्हणून तो मोठा कोरतात. त्याचे शत्रूसुद्धा त्याच्याहून लहान असतात, घोडा तर वाहन. शिल्पातून सामान घ्या, बांधणी घ्या, शस्त्र धरायची पद्धत घ्या. उंचीसाठी हाडं किंवा जिवंत जाती हाच आधार.

खाडीकाठचा_स्वार

काका, ठाण्याचं हे एवढं स्पष्ट वर्णन आहे आणि आपण टेबलावर अजून फ्रान्समधल्या लढाया मांडतोय! यादवांचं सैन्य तर करणारच, पण त्याच्या आधी हे बंदर करायला हवं.

दोन वळणाचे घोडे हा मुद्दा पूर्ण पटला. मग माझी निवड अशी. सरदारांसाठी अरबी वळणाचे घोडे, ते रेझिनवाली यांच्याकडून छापून. देशी तट्टांसाठी फायरफोर्ज कंपनीच्या मंगोल घोडदळाचे घोडे. मंगोल घोडा बुटका, भरीव, जाड मानेचा असतो, आपल्या तट्टाच्या बांध्याला बराच जवळ जातो. त्याची केसाळ आयाळ थोडी तासायची आणि मंगोली खोगीर काढून तिथे गादीचं खोगीर बसवायचं. अलाउद्दीनच्या बाजूला तोच संच जवळपास जसाच्या तसा चालतो, तुर्की घोडेस्वार तिरंदाज म्हणून, फक्त डोकी बदलून.

ऐरोली_२८

माझा विरोध मागे. पण खेळाच्या नियमांत घोड्याचा दर्जा दिसला पाहिजे, नुसता रंगात नाही. अलाउद्दीनच्याच काळातले घोड्यांचे भाव इतिहासकार बरनीने दिलेत: पहिल्या प्रतीचा १०० ते १२० टंका, दुसऱ्या प्रतीचा ८० ते ९०, तिसऱ्या प्रतीचा ६५ ते ७०, आणि साधं तट्टू १० ते २५. हेच आपलं गुणांचं कोष्टक करूया, दहाने भागून. पहिल्या प्रतीच्या घोड्याला बारा गुण, तट्टाला दोन. सैन्य निवडतानाच कळेल की एका अरबी घोड्याच्या किमतीत सहा तट्टं येतात, आणि मग कुठला सरदार कुठल्या घोड्यावर बसवायचा याचा खरा विचार होईल.

बहात्तर

हे कोष्टक उत्तम आहे. १/७२लाही चालतं, हे नमूद करतो.

नवखी_वाशी

रंगाचं विचारते. माझ्या सगळ्या घोड्यांना एकच तपकिरी रंग दिलाय आणि ते लाकडी दिसतात. काय करू?

मोतद्दार

घोड्यांचे रंग नियमाने चालतात, ते आधी समजून घ्या. कुमाईत घोडा अंगाने तांबूस तपकिरी, पण आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळेच. अपवाद नाही. सुरंग घोड्यात काळा रंग कुठेच नसतो, आयाळ-शेपूट अंगाच्याच रंगाची किंवा फिकट. सब्जा घोडा जन्मतो गडद आणि वयाबरोबर पांढरा होत जातो, म्हणून तरुण सब्ज्याच्या अंगावर गोल गोल ठिपके आणि पाय गडद, म्हातारा जवळपास पांढरा. पण त्याची कातडी काळी असते, तेव्हा नाकपुड्यांभोवती, ओठांवर आणि डोळ्यांच्या कडेला राखाडीच रंग द्या, गुलाबी नको. पाय पांढरा असेल तर खूर फिकट, पाय गडद असेल तर खूर गडद. पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं. त्याला शुभ मानतात, सरदाराच्या घोड्याला शोभेल. अबलख एखादाच ठेवा, पथकात चार अबलख आले की जत्रा होते.

रेझिनवाली

आणि लाकडी दिसण्यावर उपाय तैलरंग. घोड्याला आधी फिकट पिवळसर किंवा नारिंगी ॲक्रिलिक द्या, कॅमलचे साधे रंग चालतात. पूर्ण सुकल्यावर वार्निशचा एक हात. मग संपूर्ण घोड्यावर बर्न्ट अंबर तैलरंग पातळ फासा, दहा मिनिटं थांबा आणि मेकअपच्या स्पंजने हलकेच पुसून घ्या. स्नायूंच्या उंचवट्यांवरून रंग निघतो, खोलगटात राहतो. पुसताना केसांच्या दिशेने, म्हणजे मानेकडून शेपटीकडे. यानंतर काळे पाय, आयाळ, पांढरे ठिपके. एवढ्याने घोडा जिवंत होतो.

पावसाळ्यात मात्र मॅट वार्निशचा स्प्रे मारू नका. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत त्यावर पांढरी धुरकट साय धरते आणि काळा घोडा राखेत लोळल्यासारखा दिसतो. ऑक्टोबरपर्यंत ब्रशने लावायचं वार्निशच वापरा. प्रायमरचंही तेच.

शिलालेख

बंदराची लढाई करणार असाल तर जहाजाची माहिती देतो. होर्मुझची जहाजं पोलोने पाहिली आणि त्याला ती मुळीच आवडली नाहीत. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, नारळाच्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. एकच डोलकाठी, एकच शीड, एकच सुकाणू, आणि वर तक्तपोशी (डेक) नाही. माल भरला की त्यावर कातडी पसरायची, आणि त्या कातड्यांवर विक्रीचे घोडे उभे करायचे. अशा अवस्थेत ते अरबी समुद्र ओलांडून येत.

खाडीकाठचा_स्वार

हे तर आयतं दृश्य आहे. समजा वीस मीटरचं जहाज धरलं तर १/५६ला ३६ सेंमी. ऐरोलीच्या टेबलावर अशी दोन जहाजं आणि चाच्यांच्या चार होड्या सहज बसतात. शिलाई खऱ्या दोऱ्याने दाखवायची, फळीला बारीक भोकं पाडून. आत पोत्यांचे गठ्ठे, वर कातडी, कातड्यांवर घोडे.

नियम पोलोच्याच कराराप्रमाणे. चाचे खेळणाऱ्याला मालाचे गुण मिळतील, घोड्यांचे नाही. घोडे जिवंत किनाऱ्यावर उतरवले तर ते गुण ठाण्याच्या अधिकाऱ्याला. म्हणजे एका बाजूला दोन खेळाडू, दोघांचं हित वेगळं. चाच्याला मालासकट लवकर पळायचंय, अधिकाऱ्याला घोडे सांभाळून उतरवायचेत. वाचलेले घोडे बरनीच्या कोष्टकाने मोजायचे आणि तेच पुढच्या देवगिरीच्या लढाईत यादवांकडे येतील. बंदरात घोडे बुडाले तर देवगिरीत सरदार तट्टावर.

ऐरोली_२८

जोडून खेळायच्या लढाया! नक्की करूया. देवगिरीसाठी इतिहासकार फरिश्त्याने सांगितलेली धुळीची गोष्ट घ्यायलाच हवी. रामचंद्राचा मुलगा सैन्य घेऊन परतला, लढाई यादवांच्या बाजूने झुकत होती, तेवढ्यात किल्ल्यावर नजर ठेवायला मागे ठेवलेले मलिक नुसरतचे हजार स्वार धूळ उडवत आले आणि यादवांना वाटलं दिल्लीची मोठी फौज आली. नुसरतचं पथक टेबलावर येताना आधी फक्त कापसाच्या धुळीचा बेस ठेवायचा. खाली किती घोडे आहेत ते यादवांच्या खेळाडूला दाखवायचं नाही.

मोतद्दार

जहाजावरचे घोडे खोगिराशिवाय हवेत, हे विसरू नका. नुसती मोहरकी, पाय आखडलेले, मान खाली, बरगड्या थोड्या दिसणाऱ्या. लांबच्या प्रवासातून उतरलेला घोडा लगेच स्वार बसवण्याजोगा नसतो. तुमच्या नियमांत किनाऱ्यावर उतरलेल्या घोड्यावर त्याच डावात कोणी चढू नये. आणि प्रत्येक दोन-तीन घोड्यांमागे एक माणूस धरायला. घोडे दाखवून मोतद्दार न दाखवणं हे मला कुठल्याही चित्रात खटकतं.

शिलालेख

मोतद्दारांशी सहमत, आणि पुढच्या काळासाठी एक नोंद. शिवरायांच्या पागेची रचना सभासदाने दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. कधी मराठ्यांचं घोडदळ कराल तेव्हा पाण्याच्या पखालीचा माणूस आणि नाल ठोकणारा माणूस हे बेस आधी करा.

नवखी_वाशी

नालबंदाचा बेस मी करते! खोगीर नसलेले घोडे कुठे मिळतील पण?

रेझिनवाली

माझ्याकडे एका घोड्याची फाइल आहे, खोगीर सुटं. पाठ गुळगुळीत करून, मान खाली वळवून तीन वेगळ्या ठेवणी करते. उंची २६.५ मिमी ठेवतेय, कोणाची हरकत असेल तर उद्या रात्रीपर्यंत सांगा, त्यानंतर छापायला टाकणार. नवखी, तुला नालबंदासाठी एक पाय उचललेला घोडा लागेल, तो पण करते. वाशीहून ऐरोलीला येशीलच, तेव्हा हातात देईन.

खाडीकाठचा_स्वार

२६.५ला माझी संमती. मी जहाजाच्या फळ्या कापायला घेतो. अरबी घोड्यांची शेपटी उंच धरलेली ठेवा, पण जहाजावरच्या घोड्यांची खाली. मोतद्दार काका, तुम्ही आणि तुमचा भाचा ऐरोलीला आलात तर दुडकीतल्या पायांची जुळणी तुमच्या नजरेखाली करता येईल. तार आणि पुट्टी घेऊन येतो.

मोतद्दार

येतो. भाच्याचे ते हवेत उडणारे घोडेही आणतो, बघू त्यांचे पाय कापून नीट लावता येतात का.